डिस्प्ले येत नाही : संगणकाच्या पहिल्या आज्ञेचा इतिहास

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका शाळासोबत्याचा फोन आला. वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत तो विज्ञान शिकवतो. नमस्कार-चमत्कार न करता तो एवढेच म्हणाला, "डिस्प्ले येत नाही." पंखा फिरतो, समोरचा दिवा लागतो, पण पडदा काळा तो काळाच. विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारी मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली होती. नवी आवृत्ती चढवायची तर आधी मदरबोर्डचे बायोस नवे करा, असे कोणीतरी सांगितले. त्याने आदल्या संध्याकाळी ते केले. मध्येच लाईट लुकलुकली. ती नेमकी केव्हा लुकलुकली, काम संपण्याआधी की संपल्यावर, हे त्याला सांगता येईना. दुकानदाराने यंत्राकडे पाहून निकाल दिला होता की मदरबोर्ड गेला.

मदरबोर्डचे त्याला फारसे दुःख नव्हते. त्याच्या शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. २००९ पासून दर पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, मुले त्यातले पाणी मोजतात. पहिल्या चार वर्षांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. त्या नोंदी आता फक्त त्या संगणकात होत्या. "पावसाचं काय होईन आता?" हा त्याचा खरा प्रश्न होता.

तेवढ्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देऊ शकलो. पाऊस हार्ड डिस्कमध्ये आहे आणि बायोस मदरबोर्डवरच्या एका वेगळ्या चिपमध्ये. या चिपला काहीही झाले तरी डिस्कवरची अक्षरे पुसली जात नाहीत. पण मग पडदा काळा का? आणि एवढ्याशा चिपमध्ये असे काय असते की ती बिघडली तर धडधाकट यंत्र मुके व्हावे? याचे उत्तर देताना मला पाऊणशे वर्षे मागे जावे लागले. वाचकांनाही तेवढे मागे नेतो.

आपल्या जुन्या तर्कशास्त्र्यांचा एक आवडता दाखला आहे. डोंबारी कितीही कसलेला असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. संगणकाची अडचण नेमकी हीच. संगणक आज्ञावली वाचतो आणि तीप्रमाणे वागतो. पण डिस्कवरून आज्ञावली वाचायची कशी, हे सांगणारीही एक आज्ञावलीच लागते. ती कुठून वाचायची? कोणीतरी बाहेरचा खांदा द्यावा लागतो.

१९४९ च्या मे महिन्यात केंब्रिजमध्ये एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. त्यात हा खांदा होता टेलिफोन एक्स्चेंजमधल्या फिरत्या स्विचांचा. डेव्हिड व्हीलर या तरुणाने रचलेल्या अवघ्या ३१ आज्ञा त्या स्विचांवर तारांनी कायमच्या जोडून ठेवल्या होत्या. बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत आणि पुढची आज्ञावली कागदी फितीवरून वाचून घेत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्या काळात अशी यंत्रे चालू करणे हे जाणकारांचेच काम असे. १९७५ साली अमेरिकेत हौशी लोकांसाठी आल्टेअर ८८०० हा छोटा संगणक निघाला, तेव्हाही सुरुवातीच्या आज्ञा दर्शनी भागावरचे खटके वर-खाली करून एकेक आकड्याने भराव्या लागत. एक खटका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बायोस हे नाव याच सुमाराचे. गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम या प्रणालीत यंत्राच्या अवयवांशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला हे नाव दिले. त्याचा अर्थ, आत घेण्याची आणि बाहेर देण्याची मूलभूत व्यवस्था.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि ही व्यवस्था घराघरांत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यातील ८०८८ हा प्रक्रियक २ च्या २० व्या घाताइतकी, म्हणजे १०,४८,५७६ घरे ओळखू शकत असे. वीज आली की तो कोणालाही न विचारता १०,४८,५६० क्रमांकाच्या घरात जाई. घरांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात हे लक्षात घेतले तर हे शेवटून १६ वे घर. उरलेल्या सोळा घरांत मोठा मजकूर मावणारच नाही. तिथे "अमुक घरी जा" एवढीच चिठ्ठी असे. त्या घरात बायोस राहत असे. ते होते ८ किलोबाइटचे, आणि कारखान्यातच चिपमध्ये कायमचे कोरलेले.

कायमचे कोरलेले म्हणजे कसे, हे वाशीमच्या माणसाला वेगळे सांगायला नको. १९३९ साली वाशीममध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची ती अक्षरे आजही वाचता येतात, कारण ती खोडता येत नाहीत. पण एखादे गाव चुकीचे कोरले गेले असते तर ते दुरुस्त करायलाही नवा पत्राच घ्यावा लागला असता. पहिल्या बायोसचे गुण आणि दोष हेच होते. लाईट गेली, विषाणू शिरला, कोणी वेडेवाकडे बटण दाबले, तरी चिप शाबूत. आणि चूक निघाली तर चिप उपटून नवी बसवायची.

खोडता येईल असा ताम्रपट करण्याची खटपट तोवर सुरू झाली होती. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झी यांनी तरंगत्या द्वाराची कल्पना मांडली. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा चारी बाजूंनी काचेसारख्या विद्युतरोधक ऑक्साइडमध्ये बुडवून ठेवायचा. त्यावर इलेक्ट्रॉन नेऊन बसवले की त्यांना बाहेर पडायला वाट नाही, मग वीज असो वा नसो. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य किंवा एक वाचायचा. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी या तत्त्वावरची चिप करून दाखवली. तिच्या पाठीवर स्फटिकाची छोटी गोल खिडकी असे. खिडकीतून अतिनील किरण पडले की इलेक्ट्रॉनांना निसटण्यापुरती ऊर्जा मिळे आणि पाटी कोरी होई. म्हणून त्या खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावत, नाहीतर उन्हात ठेवलेली चिप काही दिवसांत सगळे विसरून जाई. जुन्या भंगारात अशी चिप मिळाली तर जपून ठेवा. प्रकाशाने स्मृती पुसणे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल अशी दुसरी वस्तू सहसा हाती लागत नाही.

यापुढची पायरी तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी फ्लॅश स्मृती मांडली. प्रत्येक अक्षर वेगळे खोडता येणाऱ्या चिपा तेव्हा होत्या, पण महाग होत्या. मासुओकांनी एकेक अक्षर खोडण्याची सोयच काढून टाकली. एका दणक्यात सगळा गठ्ठा पुसायचा. त्यामुळे रचना सोपी झाली आणि किंमत उतरली. क्षणात पुसले जाते ते पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, तेच नाव पडले. १९८८ मध्ये इंटेलने अशा चिपा विकायला काढल्या. (ज्या शोधावर आज प्रत्येक मोबाइल फोन चालतो त्याबद्दल मासुओकांना पुढे आपल्याच जुन्या कंपनीवर दावा लावावा लागला. २००६ मध्ये तडजोड झाली ती ८ कोटी ७० लाख येनांवर.)

इथे थोडे थांबू, कारण काळ्या पडद्याचे मूळ याच काटकसरीत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेत धूळपाटी असे. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे. अक्षर काढणे म्हणजे धूळ बाजूला सारणे. सारलेली धूळ एका ठिकाणी परत आणता येत नाही, म्हणून चूक झाली की सगळी पाटी हलवून सपाट करायची आणि पुन्हा लिहायचे. फ्लॅशचे नेमके असेच आहे. कोऱ्या चिपमध्ये सर्वत्र १ असतात. लिहिणे म्हणजे हव्या त्या घरांत इलेक्ट्रॉन घालून १ चा ० करणे. ० चा पुन्हा १ करायचा तर त्या घराचा नव्हे, अख्ख्या गठ्ठ्यातले इलेक्ट्रॉन बाहेर ओढावे लागतात. हे इलेक्ट्रॉन सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या भिंतीतून पार जातात. भिंत चढून नव्हे, पुंजयांत्रिकीतल्या बोगदा परिणामाने. बाहेरून दाब देऊन भिंत पुरेशी पातळ भासवली तरच हे घडते, एरवी ती त्यांना वर्षानुवर्षे अडवून धरते.

आता बायोस नवे करणे म्हणजे काय ते पाहा. आधी जुने पुसायचे, मग नवे लिहायचे, मग नीट उतरले का ते ताडून पाहायचे. पुसणे आणि लिहिणे यांच्या मध्ये काही क्षण असे येतात की यंत्राजवळ पहिली आज्ञाच नसते. तेव्हा लाईट गेली तर? प्रक्रियक नेहमीसारखा ठरलेल्या घरी जातो आणि तिथे त्याला सपाट धूळ दिसते. पडद्यावर चूक दाखवण्यासाठी लागणारी आज्ञावलीही त्या धुळीतच गेलेली असते, म्हणून पडदा काळा.

ही कल्पित भीती नव्हे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास तैवानमध्ये चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा विषाणू पसरू लागला होता. तो सुमारे एक किलोबाइटचा होता आणि दुसऱ्या आज्ञावल्यांतल्या रिकाम्या जागांत तुकड्यातुकड्यांनी लपे, त्यामुळे फाइलचा आकारही वाढत नसे. सोमवार, २६ एप्रिल १९९९ रोजी तो जागा झाला. त्याने डिस्कच्या पहिल्या एक मेगाबाइटवर शून्ये भरली आणि काही जातींच्या मदरबोर्डांवर बायोसच्या फ्लॅश चिपवरही घाला घातला. २६ एप्रिल हा चेर्नोबिल अपघाताचा दिवस, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला चेर्नोबिल विषाणू म्हटले. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि भारत यांना त्याची मोठी झळ बसली. मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले दोन संगणक त्या सकाळी उठलेच नाहीत. यंत्राचे हाड म्हणावे असे काही नुसत्या आज्ञावलीने मोडता येते, हे तोवर आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

माझ्या मते यात दोष एकट्या त्या विद्यार्थ्याचा नव्हता. काही मदरबोर्डांवर चिपवर लिहिणे बंद करणारी एक छोटी खुंटी असे. ती बंद अवस्थेत ठेवली असती तर विषाणू चिपपाशी हात चोळत बसला असता. पण ग्राहकाला पेटी उघडायला लागू नये म्हणून ती मोकळी ठेवण्याची पद्धत पडली. त्याच वर्षी २००० सालाचा प्रश्नही डोक्यावर होता. वर्षाचे दोनच आकडे धरणारे जुने घड्याळ १९९९ नंतर १९०० दाखवील या धास्तीने कित्येक बायोस बदलावी लागत होती. सोय आणि धोका एकाच खुंटीवर टांगले होते.

तेव्हाच्या कारागिरांनी काढलेली युक्ती मात्र सांगण्यासारखी आहे. यंत्र चालू होताच बायोस स्वतःची नक्कल झटपट चालणाऱ्या कामाच्या स्मृतीत करून घेते आणि पुढे चिपकडे फारसे पाहत नाही. म्हणून ते त्याच जातीचा धडका संगणक चालू करत, तो चालू असतानाच त्याची बायोसची चिप हलकेच उपटत, जागेवर मेलेली चिप खोचत आणि तीत नवे बायोस लिहीत. डोंबाऱ्याला दुसऱ्या डोंबाऱ्याचा खांदा. हा प्रयोग शाळेत करू नये. एक पाय वाकडा लागला तर दोन्ही संगणक जातात.

पुढे उत्पादकांनी शहाणपण शिकून चिपचा एक छोटा भाग कधीच न पुसण्याची व्यवस्था केली, काहींनी तर एकाला दोन चिपा बसवल्या. २००५ पासून युईएफआय ही नवी पद्धत एका मंडळामार्फत रुजत गेली आणि बायोस हे नाव तेवढे बोलण्यात उरले. ८ किलोबाइटच्या जागी आता १६ मेगाबाइटची चिप साधी समजतात, म्हणजे दोन हजार पटींहून जास्त. जुन्या यंत्रभागांना सांभाळून घेण्यासाठी नव्या पद्धतीत सीएसएम नावाचा एक दुभाषा ठेवला होता. माझ्या मित्राच्या गोष्टीत पुढे याच दुभाष्याला महत्त्व आहे.

आता त्याच्याकडे परत जाऊ. चिप पुसली गेली आहे की नाही, एवढे आधी ठरवायचे होते. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, विचारले. लागत नव्हता, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. दुकानदाराने गोल बॅटरी काढून पाहिली होती, तरीही फरक नव्हता. मी त्याला मदरबोर्डवर लावायचा छोटा स्पीकर आणायला सांगितला. पहिल्या आयबीएम संगणकापासून बायोसची ही एक चांगली रीत आहे. पडदा सापडला नाही तर ते शिट्टीने बोलते. पूर्वी हा स्पीकर पेटीतच येई, आता काही रुपये वाचवण्यासाठी देत नाहीत. दुसऱ्या दिवशी वाशीमहून तो मिळाला. मित्राने यंत्र सुरू केले आणि फोन पेटीजवळ धरला. एक लांब शिट्टी, दोन आखूड.

मी खुर्चीवरून उठलो. ज्याची चिप कोरी झाली आहे ते यंत्र शिट्टी कशी वाजवील? शिट्टी वाजवणे ही सुद्धा आज्ञाच. म्हणजे बायोस पूर्ण उतरले होते, लाईट त्यानंतर लुकलुकली होती. आणि एक लांब, दोन आखूड याचा पूर्वापार अर्थ, चित्र दाखवणारा भाग सापडत नाही.

विचारता कळले की त्या मदरबोर्डवर कोणीतरी एका जुन्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड बसवले होते. सगळे जुळले. विंडोज ११ साठी उत्पादकांनी जी नवी बायोस काढली त्यांपैकी काहींत सीएसएम हा दुभाषा मुळातच बंद ठेवलेला असतो. जुन्या कार्डाला फक्त जुनी भाषा येते. दुभाषा गेला, कार्ड मुके झाले. बॅटरी काढून काही होत नव्हते यात नवल नाही. बॅटरी काढली की मांडणी कारखान्यातून आली तशी होते, आणि इथे कारखान्याची मांडणीच अडचणीची होती. तो उपाय रोगच परत आणत होता.

मित्राने वीज बंद करून वायर काढली, कार्ड उपटले आणि पडद्याची केबल मदरबोर्डच्याच सॉकेटात लावली, कारण त्याच्या प्रक्रियकात चित्राची सोय मुळात होती. पडदा उजळला. पण त्यावर ओळ आली की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग तो हळूच म्हणाला, "गेला ना पाऊस?"

गेला नव्हता. त्या डिस्कची वाटणीही जुन्या पद्धतीने केलेली होती आणि तिलाही तोच दुभाषा लागत होता. मांडणीच्या पानावर जाऊन सीएसएम चालू केले, जतन केले, आणि विंडोज उघडले. नव्या आवृत्तीचा विचार त्याने तूर्त सोडून दिला. ती आणायची तर आधी डिस्कची वाटणी बदलावी लागेल आणि ते नोंदींची प्रत काढल्याशिवाय करायचे नाही, यावर आमचे एकमत झाले.

चिप खरोखर कोरी झाली असती तर? तरीही मदरबोर्ड फेकायचे कारण नव्हते. आठ पायांची ती चिप चिमट्यात धरून तिच्यात लिहिणारे छोटे यंत्र आता तालुक्याच्या गावीही भेटते. मोबाइल आणि टीव्हीत 'सॉफ्टवेअर मारून' देणाऱ्या एखाद्या कारागिराकडे ते असते. त्याला दोन गोष्टी मात्र विचारून घ्याव्यात. चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची, कारण जास्त दाबाने ती जळते. आणि बायोसची फाइल त्याच मदरबोर्डची, त्याच क्रमांकाची आणि त्याच सुधारित आवृत्तीची आहे ना. एका अक्षराच्या फरकाने पुन्हा काळा पडदा येतो. बायोस बदलण्याआधी यूपीएस जोडा हे सांगायला नकोच, पण वाशीमच्या पावसाळ्यात ते दोनदा सांगितलेले बरे.

मित्राने त्याच दुपारी २००९ पासूनचा सगळा पाऊस दोन पेनड्राइव्हवर उतरवला आणि एक प्रत मला पाठवली. ज्या चार वर्षांच्या वह्या वाळवीने नेल्या ती पाने त्याने छापून कपाटात ठेवली आहेत. जुने कार्ड प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. सुट्टी संपल्यावर नववीच्या मुलांनी भिंग घेऊन मदरबोर्डवरची आठ पायांची चिप पाच मिनिटांत शोधली, आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: सीएसएम चालू ठेवणे.